पंधरा रेषांचं नाणं

आमच्या दोंडाईच्याच्या बँकेत नाणी मागायला जाणारी त्या वेळी मी एकटीच होते. बाकीचे लोक नाणी भरायला यायचे. कुणी देवळाची दानपेटी उघडून, कुणी दुकानाचा गल्ला रिकामा करून, फडक्यात नाहीतर सिमेंटच्या पिशवीत बांधून आणायचे, आणि ती पिशवी दिसली की कॅशियर साहेब चष्मा काढून डोळे चोळायचे. म्हणून मी पहिल्यांदा खिडकीशी जाऊन दोनच्या नाण्यांची दोन पाकिटं मागितली, तेव्हा त्यांना वाटलं मी उलटंच बोलतेय. भरायची आहेत की न्यायची आहेत, असं त्यांनी दोनदा विचारलं. न्यायची आहेत म्हटल्यावर ते स्वतः उठून आत गेले आणि दोनऐवजी चार पाकिटं घेऊन आले.

मला खरं तर सुट्ट्यांसाठीच हवी होती. मी घरी पिको-फॉल करते, ब्लाऊज शिवते. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल आणि भिंतीला एक आरसा, एवढंच माझं दुकान. आमचे हे मार्केट यार्डात मापाडी, पोती तोलायचं काम. मिरचीच्या हंगामात त्यांचा सदरा दारातच काढून ठेवावा लागतो, नाहीतर घरातली सगळी शिंकत बसतात. गिऱ्हाईक बायका नोट देणार आणि माझ्याकडे द्यायला सुट्टे नसणार, हे रोजचंच होतं. त्यावर उपाय म्हणून मी बँकेत गेले.

पाकिटं म्हणजे जाड प्लास्टिकच्या पिशव्या, एकेकीत शंभर नाणी. घरी आल्यावर मी एक कापली आणि टेबलावर ओतली. समोर सगळी दोनच्या किमतीची नाणी, पण एकसारखी नाहीत. काहींवर देशाचा नकाशा, आणि ती धड गोल नव्हती, कोपरे होते त्यांना. काहींवर हाताची दोन बोटं. काही चकचकीत, काही इतकी काळी की अंक दिसेना. बटणं आकाराप्रमाणे, रंगाप्रमाणे वेगळी करून डब्यांत भरायची माझी जुनी सवय. हातच तसे वळले आणि मी नाण्यांचे ढीग लावायला लागले. आधी चित्रांप्रमाणे लावले, मग सालांप्रमाणे. त्या दुपारी दोन ब्लाऊज तसेच राहिले.

साल लावताना एक गोष्ट दिसली. एकाच सालच्या दोन नाण्यांपैकी एकावर, सालाच्या खाली, बारीकशी चांदणी होती. दुसऱ्यावर तिथे काहीच नव्हतं. मला वाटलं ओरखडा असेल. नखाने घासून पाहिलं, जाईना. मग अशी चांदणी आणखी सात-आठ नाण्यांवर सापडली, आणि काहींवर चांदणीच्या जागी बारका ठिपका.

स्टेशन रोडला एक घड्याळ दुरुस्तीवाले चाचा बसतात. लाकडी टपरी, आत काचेचं कपाट, आणि चाचांच्या एका डोळ्याला कायम ते काळं भिंग लावलेलं. यांच्या घड्याळाचा सेल बदलायला गेले तेव्हा ती दोन नाणी मी पर्समधून काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी बघितलं आणि ते हसले. ते म्हणाले की ही टांकसाळीची खूण आहे. चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, शंकरपाळ्यासारखा चौकोन म्हणजे मुंबई, आणि काहीच नसेल तर कोलकाता. त्यांच्या वडिलांना चांदीच्या जुन्या रुपयांचा नाद होता, त्यामुळे हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्यांनी ते भिंग माझ्या डोळ्याला लावून दिलं. असली नाणी वर्षानुवर्षं हातातून गेलेली, पण नाणं मी पहिल्यांदाच बघितलं असं वाटलं. सिंहांच्या आयाळीचे केससुद्धा वेगळे दिसत होते.

मी एकामागून एक भराभर नाणी उचलू लागले तेव्हा त्यांनी माझा हात थांबवला. म्हणाले, "बेटी, घाई नको. एक बाजू बघायची, मग दुसरी, मग कड. आणि मगच खाली ठेवायचं."

त्यांनी एक जुनं भिंग मला दिलं. पैसे घेतले नाहीत. त्या बदल्यात मी त्यांच्या नातीच्या लग्नाच्या साड्यांना फॉल लावून दिले, तेव्हा कुठे माझ्या मनाला बरं वाटलं.

त्यानंतर दर सोमवारी मी बँकेत जाऊ लागले. हळूहळू मला कळलं की पाकिटांच्याही जाती असतात. टांकसाळीतून थेट आलेली कोरी पाकिटं दिसायला देखणी, पण शंभराची शंभर एकाच सालची. त्यात शोधायला काही नसतं. खरी मजा दानपेट्यांतून, गल्ल्यांतून जमा झालेल्या आणि बँकेत हाताने बांधलेल्या पाकिटांत. त्यात काय निघेल सांगता येत नाही. मी कॅशियर साहेबांना जुनी पाकिटं मागितली तेव्हा ते म्हणाले, "ताई, लोक कोऱ्यासाठी भांडतात आणि तुम्ही मळकी मागता." पण पुढे ते स्वतःच माझ्यासाठी मळकी बाजूला काढून ठेवू लागले.

मी एक नियम केला आणि तो आजपर्यंत मोडलेला नाही. नाणं विकत घ्यायचं नाही. जे मिळेल ते बँकेच्या पाकिटातूनच, आणि जेवढ्याचं नाणं काढलं तेवढ्याचं दुसरं नाणं त्या पाकिटात टाकायचं, म्हणजे सुट्ट्यांचा हिशोब बिघडत नाही. मोबाईलवर बघितलं तर बाजारात सगळं मिळतं. पैसे मोजले की आठवड्यात वही भरेल. पण मग ती माझी कशी? मला हे स्वतःच्या डोळ्यांनी शोधायचं होतं. शिवणकामाची बिलं लिहायची एक लांबट वही होती, तिच्यात मी रकाने आखले. डावीकडे साल, वर चार टांकसाळी. नाणं मिळालं की त्या चौकोनात बरोबरची खूण.

लोकांना याचं हसू यायचं. त्या काळात मोबाईलवर एक खूळ आलं होतं, अमुक नाणं तुमच्याकडे असेल तर लाखो रुपये मिळतील म्हणून. जामनेरहून माझा मावसभाऊ देवीचं चित्र असलेलं पाचाचं नाणं रुमालात गुंडाळून खास माझ्याकडे घेऊन आला. मी भिंगाखाली बघितलं आणि सांगितलं, भाऊ, याचे पाचच रुपये येतील. तो चहासुद्धा न घेता निघाला. मला काही कळत नाही असं त्याने पुढे दोन-चार नातेवाइकांना सांगितलं. माझ्या सासूबाईंनी मात्र कधी टोकलं नाही. इतर बायका दुपारी मालिका बघतात, ही नाणी बघते, एवढंच त्या म्हणायच्या.

एकदा पाचाच्या जाड नाण्यांत एक असं निघालं की त्यावरचा छाप एका बाजूला सरकलेला. डाव्या कडेला चंद्रकोरीएवढी जागा कोरी आणि उजवीकडे अक्षरं कापलेली. टांकसाळीत चकती नीट बसली नाही की असं होतं. ते नाणं घेऊन मी शिवण अर्धवट टाकून स्टेशन रोडला गेले. चाचांनी ते बघितलं आणि ते स्टुलावरून उठून उभे राहिले. त्यांनी शेजारच्या टपरीवरून दोन चहा सांगितले. मला ती दाद पुरेशी होती.

पुढे माझा जीव दहाच्या नाण्यांत अडकला. पिवळ्या कड्यात पांढरा गाभा बसवलेलं ते नाणं मुळातच सुंदर. आणि त्याचे नमुने किती. एकावर चार ठिपक्यांची फुली, एकावर वरच्या अंगाला उन्हासारख्या पंधरा रेषा, एकावर दहाच रेषा आणि रुपयाची खूण. शिवाय खास निमित्तांनी काढलेली वेगळी: संसदेचं, योगाचं, देवीचं, नारळाच्या काथ्याच्या उद्योगाचं. काथ्याचं नाणं मिळायला मला दोन वर्षं लागली. ते मिळालं त्या दिवशी मी घरात शिरा केला, आणि कशाबद्दल म्हणून यांनी विचारलं तेव्हा खरं सांगायला लाजले.

त्याच सुमारास बाजारात कुणकुण सुरू झाली की दहाची नाणी खोटी निघालीत. कुठून आली बातमी कुणाला माहीत नाही. मोबाईलवर एक चित्र फिरत होतं. दहा रेषांचं नाणं खरं, पंधरा रेषांचं खोटं. रुपयाची खूण असेल ते खरं, नसेल ते खोटं. आधी रिक्षावाल्यांनी घ्यायचं बंद केलं, मग चहावाल्यांनी. बाजारपेठेत एका मोठ्या किराणा दुकानदार शेठजींनी काउंटरवर पाटीच लावली, दहाचं नाणं घेतलं जाणार नाही. त्यांनी पाटी लावल्यावर इतरांना विचार करायची गरज उरली नाही. पंधरा दिवसांत कोणतंही दहाचं नाणं, दहा रेषांचं असो की पंधरा, गावात चालेनासं झालं.

मला माहीत होतं की हे सगळं चुकीचं आहे. पण मी गप्प बसले. आपण ब्लाऊज शिवणारी बाई, आपलं कोण ऐकणार, असं वाटलं. माझ्या घरात डबाभर दहाची नाणी पडून होती, तेवढ्यावरून हे दोनदा बोलले, तेही मी ऐकून घेतलं.

गप्प राहणं मोडलं ते एका अक्कांमुळे. त्या जवळच्या खेड्यातून बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन येतात. मेथी, गिलकी, वांगी. माझी त्यांची ओळख सुट्ट्यांमुळेच झाली होती. बाजाराच्या दिवशी सकाळी त्या माझ्याकडून नोटांचे सुट्टे घेऊन जायच्या. गावात नाणी पुरती बंद व्हायच्या आधीच्या आठवड्यात मीच त्यांना दहाची नाणी दिली होती. बँकेच्या पाकिटातली, एकेक बघून झालेली.

पुढच्या बाजाराला त्या आल्या आणि माझ्या उंबऱ्यावर बसल्या. पाय अजून सुजलेले दिसत होते. मागच्या बाजाराच्या संध्याकाळी घरी जाताना जीपवाल्याने त्यांच्याकडून दहाची नाणी घेतली नव्हती. दुसरे पैसे काढावेत, तर भाजीची सगळी कमाई नाण्यांतच. त्याने त्यांना मधल्या फाट्यावर उतरवून दिलं. रिकामी पाटी डोक्यावर घेऊन त्या उरलेली वाट चालत गेल्या.

त्यांनी कमरेची पिशवी सोडून नाणी माझ्यासमोर ठेवली. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "माय, तू दिधेल नाणा कोनी लेत नही. बठ्ठा म्हनतस, खोटा शेतस. खरंच खोटा शेतस का?"

मी नोटा देऊन ती नाणी परत घेतली. त्यांना पाणी दिलं, चहा दिला. पण सगळे म्हणतात तशी ही नाणी खरंच खोटी आहेत का, हा त्यांचा प्रश्न डोक्यातून काही जाईना. त्या माझ्यावर विश्वास ठेवून ते पैसे घेऊन गेल्या होत्या. ती नाणी खरी आहेत हे गावात सगळ्यांत खात्रीने सांगू शकणारी बाई कोण असेल तर ती मीच, आणि मीच तोंड बंद करून बसले होते. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेले. या वेळी पाकिटं मागितली नाहीत, मॅनेजर साहेबांना भेटायचं आहे म्हटलं. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे सरकारी पत्रक लावलेलं होतं की दहाची नाणी चौदा वेगवेगळ्या नमुन्यांत निघाली आहेत आणि सगळी चालतात. इंग्रजीत, बारीक टायपात, पंख्याच्या बटणाखाली. मी त्याची प्रत मागून घेतली आणि तिथेच बाकावर बसून, अडेल तिथे कॅशियर साहेबांना विचारत, मराठीत उतरवून काढली.

मग स्टेशन रोडला गेले. मी चाचांना सांगितलं की मला माझी दहाची नाणी लोकांना दाखवायची आहेत, पण ज्याच्या-त्याच्या हातात दिली तर हरवतील. माझ्याकडे चौदापैकी बारा नमुने होते. चाचांनी जरा विचार केला आणि मागून एका जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची पेटी काढली. यंत्र कधीच गेलेलं, पण सागवानी चौकट आणि काच शाबूत. तिच्यात त्यांनी काळ्या मखमलीचा पुठ्ठा बसवला. मखमल माझ्याकडची, लग्नाच्या ब्लाऊजमधून उरलेली. पुठ्ठ्याला चौदा गोल भोकं पाडली, अशी नेमकी की नाणं दाबून बसवावं लागलं. मी प्रत्येकाखाली मराठीत साल लिहिलं. दोन भोकं रिकामी राहिली. ती झाकूया का असं चाचांनी विचारलं. मी नको म्हटलं. नाही ते नाही.

बाजाराच्या दिवशी ती पेटी ओढणीत गुंडाळून मी निघाले. आधी भाजीवाल्यांना दाखवायची असं ठरवलं होतं, पण अक्का म्हणाल्या की आम्हाला दाखवून काय होणार, शेठ घेत नाहीत तोवर आम्ही घेऊन करू काय. ते बरोबरच होतं. मी तशीच त्या किराणा दुकानाकडे वळले. अक्का पाटी शेजारणीच्या हवाली करून माझ्या मागे आल्या.

दुकानात गर्दी होती. शेठजी गादीवर बसलेले, वयाने माझ्या वडिलांएवढे. मी पेटी काउंटरवर, त्या पाटीच्या शेजारीच ठेवली आणि सांगितलं की मी दहाची नाणी गोळा करते आणि यांतलं एकही खोटं नाही. त्यांनी पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते सभ्य माणूस होते, हसले नाहीत. पण म्हणाले की सगळ्या गावाला एक ठाऊक आहे आणि तुम्हाला दुसरं, असं कसं.

मग त्यांनी गल्ल्याचा खालचा खण ओढला. तिथे त्यांच्याकडे अडकलेली दहाची नाणी होती. मूठभर काढून त्यांनी माझ्यासमोर पसरली आणि म्हणाले, "ताई, एवढं कळतंय तर सांगा. यातलं खरं कोणतं आणि खोटं कोणतं?"

मी पर्समधून भिंग काढलं. एकेक नाणं उचललं. एक बाजू, दुसरी बाजू, कड. हे नोएडाचं, हे मुंबईचं, हे हैदराबादचं. प्रत्येकाचं साल सांगितलं, आणि पेटीतलं जोडीचं नाणं दाखवलं. लोक सामान घ्यायचं विसरून भोवती उभे राहिले. एका नाण्याशी मी थांबले. त्याचं कडं काळवंडलेलं होतं, गाभ्यावर डाग होते आणि साल पुसट. मी ते बाजूला ठेवलं आणि म्हणाले की याचं मला सांगता येणार नाही, हे बँकेत दाखवा.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं की पंधरा रेषांवर रुपयाची खूण नाही, मग ते खरं कसं. शेठजींनीही मान हलवली. त्यांचाही तोच प्रश्न होता.

मी म्हणाले, "शेठजी, गल्ल्यातून शंभराची एखादी जुनी नोट काढा. चांगली जुनी."

त्यांनी शोधून एक मऊ पडलेली नोट काढली.

"तिच्यावर रुपयाची खूण आहे का बघा."

त्यांनी नोट उजेडाला धरली, उलटी केली, सुलटी केली. शेजारच्या गिऱ्हाइकानेही वाकून बघितलं. खूण नव्हती.

"ही नोट तुम्ही घेता ना?" मी विचारलं. "ती खूण सरकारने दोन हजार दहाच्या सुमारास ठरवली. त्याच्या आधी जे छापलं त्याच्यावर ती येणार कुठून? नोटेवरही नाही आणि नाण्यावरही नाही. पंधरा रेषांचं नाणं त्याच्या आधीचं आहे. साल बघा त्याच्यावर."

शेठजींनी चष्मा लावून पंधरा रेषांचं एक नाणं उचललं आणि साल वाचलं. मग दुसरं उचललं. चौथ्या-पाचव्या नाण्यानंतर ते थांबले. मी मराठीत लिहिलेलं पत्रक त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. पेटीतली दोन रिकामी भोकं दाखवून ती कुणाची म्हणून विचारलं. ते दोन नमुने मला अजून मिळालेले नाहीत असं मी सांगितलं. ते म्हणाले की ज्या बाईला न मिळालेलं नाणं दाखवायची लाज वाटत नाही आणि न कळलेलं बाजूला ठेवता येतं, ती खोटं कशाला बोलेल.

त्यांनी स्वतः उठून काउंटरवरची पाटी काढली आणि गादीखाली सरकवली. मग अक्कांकडे बघून विचारलं की काय पाहिजे. अक्कांनी पाव किलो शेंगदाणे आणि चहापत्ती घेतली. माझ्याकडे परत आलेल्या नाण्यांतलीच दहाची नाणी मी अक्कांच्या हातात ठेवली आणि त्यांनी ती शेठजींना दिली. शेठजींनी ती न बघता गल्ल्यात टाकली. अक्का बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "आते जाऊ जीपवालाकडे." आम्ही दोघी गेलोही. शेठनी घेतली म्हटल्यावर जीपवाल्याने जास्त वाद घातला नाही, पण माझ्या नजरेला नजर मात्र दिली नाही.

एका दिवसात सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. दोन बाजार मी ती पेटी घेऊन अक्कांच्या शेजारी पाल टाकून बसले. शिंदखेड्याच्या बाजूने आलेल्या बायकाही थांबून बघायच्या. काहींना पटलं, काहींना नाही. काहीजण आपल्या कनवटीची नाणी काढून माझ्या पेटीतल्या नाण्यांशी ताडून बघायचे, आणि एकसारखं निघालं की शेजाऱ्याला दाखवायचे. ते बघताना मला फार बरं वाटायचं. ज्या लोकांनी कधी नाण्याकडे खाली मान घालून बघितलं नव्हतं ते आता सालं वाचत होते. महिन्याभरात चहावाले घ्यायला लागले, मग रिक्षावाले.

शेठजींनी ते डागाळलेलं नाणं खरोखर बँकेत नेलं. ते खरं नाणं निघालं. कुणाच्या तरी घरी आगीत सापडलं असावं, असं कॅशियर साहेब म्हणाले. तिथे माझी नजर कमी पडली, हे मी चाचांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की बाजूला ठेवलंस तेच ठीक केलंस.

आमच्या ह्यांना हे सगळं पटलं की नाही, ते मला ठाऊक नव्हतं. एक दिवस यार्डातला एक व्यापारी ब्लाऊज टाकायला बायकोला घेऊन आला आणि म्हणाला की मापाडी भाऊ आम्हाला रोज सांगतात, नाण्यांबद्दल शंका असेल तर माझ्या घरी जा. मी आत जाऊन यांच्याकडे बघितलं. ते जेवत होते. वर न बघता त्यांनी आणखी एक भाकरी मागितली.

बँकेने ती पेटी काही दिवस आपल्या हॉलमध्ये, खिडकीच्या वर लावली. इंग्रजी पत्रकाच्या जागी माझं मराठी पत्रक. खाली माझं नाव लिहायचं का, असं मॅनेजर साहेबांनी विचारलं. मी चाचांचंही लिहा म्हटलं, आणि दोन्ही लिहिली गेली.

गेल्या वर्षी जळगावला जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. कॅशियर साहेबांच्या ओळखीतून मला तिथे एक टेबल मिळालं. चाचा आणि मी सकाळच्या गाडीने गेलो, पेटी आळीपाळीने मांडीवर घेऊन. तिथे बाकीच्या टेबलांवर राजांच्या मोहरा, चांदीचे रुपये, तांब्याचे पैसे. माझ्या टेबलावर दहाची नाणी आणि माझी रकान्यांची वही. तोवर तेरावा नमुना मला दानपेटीच्या पाकिटात मिळाला होता, चौदावा नव्हता. भुसावळकडचे एक गृहस्थ, कोटातले, वही चाळून म्हणाले की हे सगळं तुम्ही कितीला जमवलं. मी सांगितलं, एकेक दहा रुपयाला.

ते हसले, मग पुन्हा वही उघडून पहिल्या पानापासून बघू लागले. चार टांकसाळींच्या रकान्यांतून त्यांचं बोट फिरत होतं. एके ठिकाणी थांबून त्यांनी विचारलं की या सालची हैदराबादची जागा रिकामी का, ते नाणं तर सगळीकडे विकत मिळतं. मी म्हटलं, विकत मिळतं हे मलाही माहीत आहे, पण पाकिटात अजून आलेलं नाही. त्यांनी वही बंद करून दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिली आणि शेजारच्या टेबलावरच्या आपल्या मित्राला, इकडे येऊन हे बघ, म्हणून हाक मारली. चाचा माझ्या मागे खुर्चीवर बसले होते. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि येणाऱ्या माणसासाठी पेटीवरची काच रुमालाने पुसून ठेवली.